काही महिन्यांचे पैसे, पंचाहत्तर वर्षांचा चार्ट

५ ऑगस्ट २०२४. श्रावणाचा पहिलाच दिवस आणि तोही सोमवार. टोकियोचा बाजार आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला उघडतो आणि मी त्याच सुमारास उठते, ही कित्येक वर्षांची सवय. आई देवापाशी दिवा लावत होती. मी ओट्याशी उभी राहून एका हातानं चहा गाळत होते, दुसऱ्या हातात मोबाइल. शुक्रवारी जपानचा निर्देशांक निक्केई २,२१६ अंकांनी पडून ३५,९०९ वर बंद झाला होता, त्यामुळे सोमवार बरा जाणार नाही हे दिसतच होतं. पण इतका? चहा झाकून ठेवला आणि तशीच ऑफिसला निघाले.

आमचं ऑफिस बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका दुकानाच्या माडीवर. छोटी ब्रोकिंग फर्म आहे. रोजच्या खरेदी-विक्रीच्या टिपा देणं हे माझं काम नाही. माझ्याकडे जगातल्या मोठ्या निर्देशांकांचे मंथली चार्ट असतात: डाऊ, एस अँड पी, नॅसडॅक, निक्केई, हँगसेंग, शांघाय आणि आपले सेन्सेक्स-निफ्टी. एका महिन्याची एक कॅन्डल, म्हणजे महिन्याचा पहिला आणि शेवटचा भाव दाखवणारा खांब, आणि वर-खालच्या टोकाचे भाव दाखवणाऱ्या काड्या. महिना संपला की मी दोन पानांचं टिपण लिहिते, आणि ते सगळ्या ग्राहकांना सारखंच जातं. गुजरातीत जातं तसं मराठीतही जातं, कारण दांडिया बाजारातली जुनी मराठी मंडळी ते नेमानं वाचतात.

सव्वानऊला आपला बाजार उघडला तोच मोठ्या गॅप डाऊननं, म्हणजे आदल्या बंद भावाच्या बराच खाली. साडेअकराला टोकियो बंद झाला: ३१,४५८. एका दिवसात ४,४५१ अंक खाली. कोरियात तर काही वेळ व्यवहारच थांबवावे लागले होते. ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजत होते आणि डीलिंगच्या टेबलावरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, "जापान बेसी गयुं." जपान बसलं.

कारणं आम्हाला ठाऊक होती. बँक ऑफ जपाननं ३१ जुलैला व्याजदर पाव टक्क्यावर नेला. त्याआधी कितीतरी वर्षं जगभरातले मोठे खेळाडू जवळजवळ फुकटात येन उसने घेऊन तो पैसा दुसरीकडे लावत होते. जुलैच्या सुरुवातीला एका डॉलरला १६१ येन मिळत, ते आता १४२-१४३ वर आले होते. उसने घेतलेले येन परत करणं महाग होऊ लागलं, म्हणून लोक मिळेल ते विकून येन गोळा करत सुटले. त्यात शुक्रवारी अमेरिकेतली बेरोजगारी ४.३ टक्क्यांवर गेल्याची बातमी आली. आग लागायला एवढं पुरेसं होतं.

बाराच्या सुमारास काका आले.

काका दांडिया बाजारातले, वय चौऱ्याहत्तर. इथल्याच पॉलिटेक्निकमधून ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केलेले. मग एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात साठीपर्यंत नोकरी. माझं टिपण इतक्या बारकाईनं वाचणारा दुसरा ग्राहक मी पाहिलेला नाही. लॉग स्केल म्हणजे काय हे बहुतेकांना समजावून सांगावं लागतं: उभ्या रेघेवर १०० ते २०० जेवढी उंची, तेवढीच १०,००० ते २०,००० ला, कारण दोन्हीकडे पैसे दुप्पट झाले. काकांनी पहिल्याच भेटीत चार्ट बघून विचारलं होतं, "लॉग पेपरवर काढलायस ना? मग ठीक." तेव्हापासून मला ते आवडतात.

त्या दिवशी ते महादेवाला जाऊन थेट आले होते. कपाळावर भस्म, पिशवीत बेलाची चार पानं. खुर्चीवर बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझंच मार्चचं टिपण. एका ओळीखाली लाल शाईनं रेघ मारलेली.

ती ओळ मी अभिमानानं लिहिली होती. निक्केईचं जुनं शिखर २९ डिसेंबर १९८९ चं, ३८,९१५. तिथून तो मार्च २००९ मध्ये ७,०५४ पर्यंत घसरला, म्हणजे शंभराचे अठरा राहिले. ते शिखर पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. चौतीस वर्षं! चार्ट बघणाऱ्याच्या आयुष्यात असा ब्रेकआउट, म्हणजे जुना अडथळा फोडून वर जाणं, एखाद-दुसऱ्या वेळीच येतं. मी लिहिलं होतं की इतक्या जुन्या रेझिस्टन्सचा, म्हणजे भाव अडवणाऱ्या पातळीचा, आता सपोर्ट होतो, त्यामुळे ३८ हजारांचा पट्टा यापुढे भक्कम आधार राहील. एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांचे बंद भाव साडेअडतीस हजारांच्या आसपास आले, तेव्हा माझी खात्री आणखी वाढली.

"बाळ, हा तुझा आधार," काका म्हणाले, "आज कुठे आहे?"

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचेना. उपासाचं म्हणून आणलेला राजगिऱ्याचा लाडू मी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मग मी जे येतं ते केलं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि निक्केईचा १९४९ पासूनचा मंथली चार्ट लावला. टीव्हीवर ‘इतिहासातली सर्वात मोठी घसरण’ अशी पट्टी फिरत होती, तिथून सुरुवात केली. अंकांत मोजलं तर खरं आहे, म्हटलं. पण २० ऑक्टोबर १९८७ ला निक्केई ३,८३६ अंकांनी पडला होता, आणि तेव्हा तो होता पंचवीस हजारांवर. म्हणजे १४.९ टक्के. आजची घसरण १२.४ टक्के. लॉग स्केलवर ८७ ची घसरण अजूनही आजच्यापेक्षा मोठी, आणि तरीही बघा, चढत्या रेघेवर तिचा एक दातच राहिलाय. शिवाय मंथली चार्टची कॅन्डल ऑगस्ट संपेपर्यंत पुरी होत नाही. आज दिसणारा हा लाल खांब महिन्याच्या शेवटी नुसती खालची लांब काडी होऊन राहूही शकतो. आणि तुमचा जपानी शेअर्सचा फंड रुपयांत आहे, येन वधारलाय, म्हणजे तुमच्या खात्यातली घट १२ टक्क्यांहून थोडी कमीच असेल.

यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं.

हा फंड त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतला होता. मार्चमध्ये ते तो विकणार होते. घराची मागची भिंत आणि जिन्याचे वासे खचलेत, पावसाळ्यानंतर काम काढायचं आहे, कॉन्ट्रॅक्टरशी बोलणं झालेलं. मग माझं टिपण वाचलं. चौतीस वर्षांचा अडथळा फुटलाय, आधार भक्कम आहे, मग आत्ताच कशाला काढायचे, असं म्हणून थांबले.

"तू चूक लिहिलं असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण माझं काम दसऱ्याला आहे."

मी गप्प बसले. हे मला माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं. टिपण सगळ्यांना सारखं जातं, नियमानुसार मी व्यक्तिगत सल्ला देत नाही, हे सगळं खरं. पण समोर बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? पंचाहत्तर वर्षांच्या चार्टवरून काढलेलं अनुमान मी काही महिन्यांनी लागणाऱ्या पैशांना जाऊन चिकटू दिलं होतं. चार्ट बरोबर असूनही हे होऊ शकतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट दिसलं.

काकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "याची मोठी प्रिंट दे."

ए-थ्री कागदावर प्रिंट काढून दिली. त्यांनी माझी फूटपट्टी मागून घेतली आणि खालच्या आडव्या रेघेवर सुवाच्य अक्षरांत खुणा करायला लागले. चार्ट सुरू होतो त्याच्या जरा पुढे, १९५०: जन्म. १९७२: नोकरी. १९७९: लग्न. १९८९ च्या शिखरापाशी त्यांनी लिहिलं, ‘३९’. २०२४ पाशी, ‘७४’. दोन्ही आकड्यांमध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

ती रेघ मी शेकडो वेळा काढलेली आहे. डाऊवर तशीच एक आहे: सप्टेंबर १९२९ ला ३८१, जुलै १९३२ ला ४१, आणि पुन्हा तिथे पोचायला नोव्हेंबर १९५४. अमेरिकेतच १९६६ ते १९८२ हा सोळा वर्षांचा सपाट पट्टा आहे. आपला सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ ला जाऊन आला आणि २००३ च्या उन्हाळ्यातही त्याच्या बराच खाली रेंगाळत होता. मी यांना ‘लाँग बेस’ म्हणते. बेस जितका लांब तितका ब्रेकआउट मोठा, असं व्याख्यानात सांगते, आणि त्यावर माझा आजही विश्वास आहे. मात्र त्या बेसच्या एका टोकाला एकोणचाळिशीतला माणूस आणि दुसऱ्या टोकाला तोच चौऱ्याहत्तरीतला, हे आजवर कुणी मला आखून दाखवलं नव्हतं.

पुढची बोलणी पाच मिनिटांत झाली. आज विका किंवा विकू नका, हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की घराच्या कामाचे पैसे आणि उरलेले पैसे आधी वेगळे करा. उरलेल्यांसाठी मंथली चार्ट बघू, कामाच्या पैशांसाठी तो बघायचाच नाही. काकांनी विचार करून तारीख ठरवली. महिनाअखेरीस, भाव काहीही असो, कामापुरते काढायचे. मग राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि गेले.

त्या दिवशी निफ्टी ६६२ अंक खाली, २४,०५५ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी निक्केई ३,२१७ अंकांनी उसळला, १०.२३ टक्के. ऑफिसात पेढे आले. मी एक घेतला, पण घशाखाली उतरेना. दोन दिवसांत असे दोन आकडे दाखवणाऱ्या बाजारात काकांची भिंत लटकलेली होती, हे डोक्यातून जात नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. अर्धं बडोदं पाण्यात, आमचं ऑफिस बंद, घरी वीज येऊन-जाऊन. ३० तारखेचा बंद भाव मी मोबाइलवरच टिपून घेतला: ३८,६४७. जुलैचा होता ३९,१०१. ज्या महिन्यात साऱ्या जगाला घाम फुटला, त्याच्या मंथली कॅन्डलचा खांब अगदी आखूड निघाला, बंद भाव जुलैपेक्षा जेमतेम १.२ टक्क्यांनी खाली, आणि खाली ३१ हजारांपर्यंत गेलेली लांब काडी. ३८ हजारांचा पट्टा महिन्याच्या बंद भावावर टिकला होता.

काकांनी ठरल्याप्रमाणे कामापुरते पैसे काढायला सांगितलं. भाव बरा मिळाला, पण त्याचं श्रेय माझ्या रेघेला देता येणार नाही. सप्टेंबर ३७,९१९ वर बंद झाला, पट्ट्याच्या खाली, आणि मी टिपणात तसं स्वच्छ लिहिलं.

टिपणाचा साचा मी त्याच महिन्यात बदलला. आता पहिल्या चार्टच्या आधी एक रिकामी चौकट असते: हे पैसे तुम्हाला कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात लागणार आहेत? बरेच जण ती तशीच सोडतात. तसं झालं की मी स्वतः फोन करते.

दसऱ्यानंतर काकांकडे गेले, तेव्हा जिन्याला नवे वासे बसत होते. ए-थ्री कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. १९७९ च्या पुढे आणखी काही खुणा वाढल्या होत्या, आणि अगदी उजवीकडे, जिथे चार्ट संपतो आणि कोरा कागद सुरू होतो, तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘उरलेले — नातीसाठी — २०३५.’