मैल कमी म्हणून निर्धास्त होऊ नका: डॉज चासीची जुनी विनेबेगो घेतल्यावर

अमेरिकेत सत्तरच्या दशकातली, डॉजच्या चासीवर (सांगाड्यावर) बांधलेली विनेबेगो मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, विकायला निघते तेव्हा जाहिरातीत ‘फक्त ३८ हजार मैल’ हे हमखास असतं. त्या काळचे ओडोमीटर बहुतेक पाच आकडी. लाख मैल झाले की पुन्हा शून्यावर येणारे. आणि आकडा खरा निघाला तरी त्याचा अर्थ एवढाच, की गाडी वर्षानुवर्षं उभी होती. उभ्या गाडीचं इंजिन झिजत नाही, पण रबर कडक होऊन तडकतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पेट्रोलचा डिंक होतो, अर्थिंगच्या सांध्यांवर गंज चढतो. नव्याने घेतलेल्या जुन्या मोटरहोमच्या बहुतेक तक्रारी या चार गोष्टींतूनच निघतात.

म्हणून विकणाऱ्याच्या दारातून ती चालवत घरी आणू नका. टो करून आणा. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं तरी पाच टनांची ती गाडी थांबेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

सुरुवात टायरपासून. नक्षी किती उरली आहे ते नंतर पाहा. आधी बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनंतरचा शेवटचा आकडा वाचा. चार आकडी असेल तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, आणि दिसायला कितीही नवा असला तरी तो काढायचाच. मागच्या जोडचाकांत आतला टायर कुणी बघत नाही. टॉर्च घेऊन खाली वाका आणि त्याचाही आकडा वाचा. यातल्या बऱ्याच गाड्यांना साडेसोळा इंची रिम असते आणि त्या मापाचे टायर आज मुश्किलीने मिळतात. इथे एक जीवघेणी चूक होते: सोळा इंची टायर साडेसोळाच्या रिमवर चढवायची. तो वरकरणी बसल्यासारखा वाटतो, पण दोन्हींच्या बैठकीचा उतार वेगळा असतो. सोळाचा ५ अंश, साडेसोळाचा १५. हवा भरताना टायरची कडा तुटून तो फुटतो, आणि अशा स्फोटात माणसं गेली आहेत. टायर मिळत नसेल तर रिमच बदला. दोन-तीन तुकड्यांची रिम असेल तर तिला घरी हातसुद्धा लावू नका. हवा भरताना टायर ठेवायचा सुरक्षा-पिंजरा असलेल्या ट्रक-टायरच्या दुकानातच न्या.

आता ब्रेक. जुन्या ब्रेकची नेहमीची तक्रार म्हणजे पायडल सोडलं तरी एक चाक धरून राहतं. माणसं लगेच कॅलिपर विकत आणतात, आणि पुष्कळदा दोष असतो रबरी होजमध्ये, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीत. होज बाहेरून धड दिसतो, आतून मात्र फुगून जवळजवळ बंद झालेला असतो. पायाचा जोर ऑइलला पुढे ढकलतो, पण परत यायला जोर नसतो. होज एकतर्फी व्हॉल्व्हसारखा वागतो. निदान सोपं आहे. गाडी जॅकवर घेऊन पक्क्या स्टँडवर टेकवा, चाक हाताने फिरवून बघा, मग कुणाला तरी पायडल दाबून सोडायला सांगा. चाक अडकलं तर ब्लीडर स्क्रू (ब्रेकमधलं ऑइल बाहेर सोडायचा) अर्धा फेरा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, होज बदला. तरीही चाक मोकळं झालं नाही तर पिस्टन गंजला आहे किंवा लायनर ड्रमला चिकटले आहेत. एक होज असा निघाला की सगळेच बदला, मागच्या अ‍ॅक्सलवरचा एकटा होज धरून. तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. जुनं ऑइल पूर्ण काढून नवं घाला. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलचा १४० पर्यंत खाली येतो. लांब घाट उतरताना ते उकळलं की पायडल थेट जमिनीला टेकतं.

पेट्रोलकडे वळू. टाकीतून व्हार्निशसारखा वास आला तर टाकी रिकामी करा; नव्या पेट्रोलमध्ये जुनं मिसळून ‘संपवू’ नका, डिंक कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. मग रबरी नळ्या. या गाड्यांत पंप इंजिनवर असतो आणि टाकी दूर मागे, म्हणजे मधली सगळी लाइन ओढणारी. तिथल्या नळीला बारीक चीर गेली तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. सपाटीवर गाडी ठीक चालते, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अडखळते, आणि खाली एक थेंब दिसत नाही म्हणून माणूस कार्ब्युरेटर उघडत बसतो. त्याआधी टाकीकडून पंपात येणारी नळी काढून तिथे मोटरबोटीची छोटी टाकी जोडा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि चालवून बघा. इंजिन सुधारलं तर दोष पंपाच्या मागे आहे. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये गेज लावल्यास साधारण ५ ते ७ पीएसआय दिसायला हवेत. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणारीच घ्या. ३०आर९ छापलेली घेतली तर पुन्हा त्यात बघावं लागत नाही. आणि डॉजच्या फिल्टरला दोनऐवजी तीन नळ्या असतील तर तिसरी वाफ टाकीत परत नेण्यासाठी आहे. फिल्टर बसवताना ते तोंड वरच्या बाजूला हवं. ते खाली किंवा आडवं राहिलं की उन्हात व्हेपर लॉक होतो, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो.

इंजिन पुढच्या दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली असतं, म्हणजे अक्षरशः घराच्या आत. त्या झाकणाची गॅस्केट कडक झाली असेल तर पेट्रोलचा वास आणि सायलेन्सरचा धूर सरळ तुमच्या तोंडावर. गार इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येऊन तापल्यावर थांबत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा किंवा तुटलेला स्टड शोधा. हे ‘नंतर बघू’ म्हणायचं काम नाही; ते होईपर्यंत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय इंजिन चालू करून आत बसू नका.

सुरू होण्याची तक्रार डॉज बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये अगदी ओळखीची आहे. किल्ली ‘स्टार्ट’वर असेपर्यंत इंजिन पेटतं, किल्ली सोडली की बंद. हा दोष बॅलास्ट रेझिस्टरचा. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) स्क्रूने बसवलेला पांढरा चिनी मातीचा तुकडा. स्टार्टच्या वेळी करंट त्याला वळसा घालून जातो, म्हणून तेवढंच पेटतं. दुहेरी असेल तर मल्टीमीटरवर एक बाजू साधारण अर्धा ओहम आणि दुसरी ५ ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती बाजू तुटली. नवा स्वस्तात येतो, त्यामुळे एक जास्तीचा डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवा. तो ठीक असेल तर इग्निशनचा चौकोनी डबा बघा. त्याचं अर्थिंग त्याच्या पत्र्यातूनच होतं, आणि कुणी मधे रंग दिला असेल तर ते तुटतं. स्क्रू काढून खालचा रंग खरवडा. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल: १५० ते ९०० ओहमच्या मध्ये हवी, आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या दातेरी चाकाच्या दातापासून तिचं अंतर ०.००८ इंच. फीलर गेज पितळी घ्या. पोलादी गेज तिथल्या चुंबकाला चिकटतो आणि माप चुकतं. प्लगच्या वायरी कुणी उलटसुलट लावल्या असतील तर क्रम १-८-४-३-६-५-७-२. इंजिन ३१८ घन इंचांचं असो की ४४०, तोच.

त्याच वायरिंगमधली दुसरी धोक्याची जागा म्हणजे डॅशबोर्डवरचा अ‍ॅम्पमीटर. अल्टरनेटर गाडीतल्या राहत्या भागाच्या बॅटऱ्याही भरत असेल तर तो सगळा भार फायरवॉलच्या प्लगमधून आणि या मीटरमधून जातो, आणि पन्नास वर्षांच्या टर्मिनलना तो पेलत नाही. प्लग उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसलं तर त्या दोन जाड वायरी प्लगमधून काढून फ्यूज लिंकसह थेट जोडा आणि अ‍ॅम्पमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवा. चालू इंजिनवर बॅटरीशी १३.८ ते १४.६ व्होल्ट यायला हवेत.

घराच्या भागात आधी गॅस. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. अलार्मही खालीच हवा. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा आणि एक टोक शेगडीच्या बर्नरच्या नोझलला जोडा. सगळे पायलट (सतत पेटत्या छोट्या ज्योती) बंद ठेवून सिलेंडर उघडला की दोन बाजूंच्या पाण्यात ११ इंचांचा फरक दिसला पाहिजे. ती रेग्युलेटरची तपासणी. मग सिलेंडर बंद करा, थोडा गॅस सोडून फरक ८ इंचांवर आणा आणि तीन मिनिटं बघत राहा. पाणी जरा जरी हललं तर गळती आहे. साबणाच्या फेसाने सांधा शोधा, पण साबणात अमोनिया नको, तो पितळ खातो.

फ्रिज शोषण पद्धतीचा आहे. त्यात कॉम्प्रेसर नाही, म्हणून गाडी सपाट उभी नसेल तर तो थंड होत नाही. आधी १२० व्होल्टवर लावून चोवीस तास थांबा. मागच्या बाजूला पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर कूलिंग युनिट फुटलं आहे, त्यावर वेळ घालवू नका. ती पूड विषारी क्रोमेटची आहे, हाताने पुसू नका. विजेवर थंड होतो पण गॅसवर नाही, तर दोष बर्नरचा: धुराड्यातला गंज खाली पडून ज्योत पिवळी होते. नोझलमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. अल्कोहोलमध्ये भिजवून हवेने फुंका.

पाण्याच्या टाकीत दर १५ गॅलनला पाव कप घरगुती ब्लीच, बारा तास, मग वास जाईपर्यंत धुणं. छताच्या सांध्यांवर सिलिकॉन लावू नका. त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. जुनं खरवडून ब्युटाइल टेप आणि छताचं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट वापरा. कोपऱ्यातली भिंत अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागली तर आतलं लाकूड कुजलं आहे.

एवढं झाल्यावर पहिली फेरी: घराभोवतीच, दहा-पंधरा मैल, पाण्याच्या टाक्या रिकाम्या ठेवून. थांबल्याबरोबर लेझर थर्मामीटरने चारही हब बघा (मागच्या जोडचाकांची हब एकच असते). एकाच अ‍ॅक्सलच्या दोन बाजूंत ठळक फरक असेल तर गरम बाजूचा ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग कोरडं आहे. गाडी पुन्हा जॅकवर घ्या आणि त्या चाकापासून सुरू करा.