एनपीटेलचा कोर्स लावलाय? मदत कुठे मिळते ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा

स्वयम या सरकारी संकेतस्थळावर एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या ऑनलाइन उपक्रमाच्या, कोर्सला नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत काम होतं. म्हणूनच पुढची पायरी बऱ्याच जणांकडून निसटते: परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याची मुदत वेगळी आणि फीसुद्धा तेव्हाच भरायची. तो अर्ज कोर्सच्याच ईमेलवरून भरा. कोर्स घरच्या ईमेलवर आणि परीक्षा कॉलेजच्या, असं झालं की असाइनमेंटचे गुण परीक्षेच्या गुणांना जोडले जात नाहीत आणि प्रमाणपत्र अडकतं.

गुणांचा हिशेब आधीच समजून घ्या. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, चारच्या कोर्समध्ये ३. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, तेही स्वतंत्रपणे. परीक्षेत ७० मिळाले आणि असाइनमेंटला ८, तर प्रमाणपत्र नाही. याची दुसरी बाजू अशी की बारा आठवड्यांत चार असाइनमेंट बुडाल्या तरी चालतं, त्यामुळे एखादी चुकली म्हणून कोर्स सोडू नका. मात्र ही सूट पहिल्या महिन्यातच उडवलीत, तर शेवटच्या अवघड आठवड्यांत हाताशी काही उरत नाही. शून्याव्या आठवड्याची, म्हणजे पूर्वतयारी तपासणारी असाइनमेंट गुणांत धरत नाहीत, पण ती सोडवाच. ती जड गेली, तर आधी पाया पक्का करायला हवा.

बऱ्याच कोर्सना पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेले संशोधक विद्यार्थी दर आठवड्याला थेट ऑनलाइन तास घेतात. गणितं सोडवून घ्यायला याहून चांगली जागा नाही, आणि तिथे गर्दीही फारशी नसते! वेळ आणि लिंक कोर्सच्या घोषणांमध्ये येते. घोषणांचे ईमेल स्पॅममध्ये किंवा प्रमोशन्समध्ये जाऊन पडतात, तिथे एकदा शोधून त्यांना इनबॉक्समध्ये आणा.

कोर्सच्या चर्चामंचावर शंका विचारताना 'लेक्चर समजलं नाही' एवढंच लिहिलं, तर उत्तर देणाऱ्याला धरायला काहीच मिळत नाही. आठवडा, लेक्चरचा क्रमांक, व्हिडिओतलं मिनिट, तुम्ही कुठपर्यंत सोडवलंत आणि गाडी नेमकी कुठे अडली, हे लिहा. प्रोग्रॅम चालत नसेल तर एररचा संपूर्ण मजकूर कॉपी करून टाका. फोटोतली अक्षरं कोणाला शोधताही येत नाहीत की चालवून बघता येत नाहीत. चालू असाइनमेंटचं उत्तर मुदतीआधी कोणी देणार नाही. त्यामुळे त्याच धाटणीचं, पण वेगळे आकडे घातलेलं उदाहरण विचारा.

इंग्रजी लेक्चर वेगात जात असेल, तर अनेक कोर्सच्या लिखित प्रती मराठीतही पीडीएफमध्ये मिळतात. आधी त्या वाचून मग व्हिडिओ पाहा. संज्ञा मात्र इंग्रजीतल्याही वहीत लिहून ठेवा, कारण प्रश्नपत्रिकेत त्याच येणार. सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल पाहा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, कित्येक मराठीत. अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्यावर ते सॉफ्टवेअर उघडून, धडा थांबवत थांबवत करायचं. काही धडे जुन्या आवृत्तीवर केलेले आहेत. मेनू जुळला नाही तर आधी आवृत्ती तपासा, आपलंच चुकलं असं धरून बसू नका.

पुस्तक हवं असेल तर इग्नूचं ई-ज्ञानकोश हे ऑनलाइन भांडार आधी पाहा. तिथली घटकपुस्तकं एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात आणि बहुतेक घटकांच्या शेवटी स्वयंचाचणीची उत्तरं असतात. नॅशनल डिजिटल लायब्ररीत साठा प्रचंड, पण कित्येक नोंदी फक्त मूळ संकेतस्थळाकडे पाठवतात आणि तिथे लॉगिन मागतात. प्रयोगांसाठी व्हर्च्युअल लॅब्स, म्हणजे संगणकावरच प्रयोग करून पाहण्याच्या प्रयोगशाळा आहेत. संशोधनाच्या विषयाची सुरुवात शोधगंगेवरच्या (भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) एखाद्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतून करावी. आयतीच वाट सापडते.

सशुल्क जर्नलसाठी पैसे भरण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेतून हजारो जर्नलं मोफत वाचता येतात. खाजगी कॉलेजात असाल तर लेखकाला थेट दोन ओळींचा ईमेल करा. लेखाची प्रत पुष्कळदा मिळते.

कोर्सचे श्रेयांक (क्रेडिट) कॉलेजच्या पदवीत हवे असतील तर एनपीटेलचं स्थानिक केंद्र म्हणजे लोकल चॅप्टर कॉलेजात आहे का ते पाहा आणि त्याचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना गाठा. हा कोर्स आपल्या अभ्यासक्रमात धरतात का, किती श्रेयांक मिळतात, हे परीक्षेची फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या. निकाल लागल्यावर विचारलंत, तर 'विभागाची मान्यता नव्हती' हे उत्तर ऐकून घ्यावं लागतं.