वॉलिस लेक: कयाक, कालवांच्या मांडण्या आणि तीन ब्रीम

सिडनीहून उत्तरेला साधारण 300 किलोमीटरवर फॉर्स्टर आणि टनकरी ही जोडगावं आहेत. मधून वॉलिस लेकचं पाणी समुद्राला मिळतं. इथे कयाकमधून (अरुंद, हलक्या होडीतून) ब्रीम मासे पकडायच्या स्पर्धेला येताना बुलाडीला गावानंतर हायवे सोडून 'द लेक्स वे' धरला की रस्ता वळणावळणाचा होतो, म्हणून टपावरच्या कयाकचे पट्टे तिथेच एकदा ओढून घ्यावेत. आदल्या संध्याकाळी पोचलेलं बरं. पहाटे अंधारात अनोळखी धक्का शोधत फिरण्यात पहिला तास जातो, आणि ब्रीमच्या स्पर्धेत पहिला तास फुकट घालवून चालत नाही.

हौशी गटांच्या अशा स्पर्धांत बक्षीस किरकोळ असतं, पण नियम चोख असतात. सगळ्यात लांब तीन माशांच्या लांबीची बेरीज करायची. मासा मोजायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. आमिष फक्त कृत्रिम, म्हणजे लूर. लाइफ जॅकेट सतत अंगावर हवं, उजाडण्याआधी पाण्यात उतरायचं तर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवा, आणि उतरताना व परतल्यावर वहीत सही हवी. मासा सोडून देणार असलात तरी न्यू साउथ वेल्सची मासेमारीची फी भरावीच लागते. ब्रीमची किमान कायदेशीर लांबी 25 सेंटिमीटर. आकडा छोटा वाटतो, पण ही जात वाढते फार हळू, तेवढं व्हायला पाचेक वर्षं लागतात. कोकणातल्या खाड्यांतही याच कुळातले मासे आहेत आणि स्वभावही तोच: खडक, खांब, कालवं (ऑयस्टर) धरून राहायचं आणि प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघायचं.

भरतीचा हिशेब इथे फसवतो. तक्त्यातली वेळ समुद्राच्या तोंडाची असते. दोन गावांमधल्या पुलाखाली पाणी जोरात धावतं, पण तलाव पसरट आणि उथळ असल्याने आत भरती बरीच उशिरा पोचते आणि पाणी जेमतेम चढतं. उधाणाच्या दिवसांत पुलाजवळ प्रवाहाविरुद्ध पेडल मारण्यात दम जातो, भांगाच्या दिवशी आतल्या भागात पाणी हललंय की नाही हेही कळत नाही. म्हणून जाताना भरतीबरोबर आत जायचं आणि परतीला सुकती मिळेल असा बेत आखायचा.

सामान थोडंच लागतं. सात फुटी हलका रॉड, 2000 नंबरच्या आसपासचं छोटं रील, 6 पौंडी (तेवढा ताण सोसणारा) ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोर. मोकळ्या पाण्यात त्यापुढे 4 ते 6 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (दोराच्या टोकाला जोडलेला तुकडा), कालवांपाशी 8 ते 10 पौंडी. दोन रॉड आधीच बांधून ठेवावेत: एकावर 35-40 मिलिमीटरचा तरंगणारा क्रँक (ओढला की बुडी मारणारी कडक लूर), दुसऱ्यावर एक-दोन ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या गरीवर) दोन इंची सॉफ्ट प्लॅस्टिक, म्हणजे मऊ लूर. क्रँकला कंपनीतून आलेल्या तिहेरी गऱ्या बदलून जाड तारेच्या घालाव्यात. ब्रीमचा जबडा कालवं फोडणारा असतो, बारीक गरी तो सरळ करून टाकतो.

खरी मजा कालवं वाढवायच्या मांडण्यांत. खांबांच्या रांगा, त्यांवर कालवांचे ट्रे, मधे अरुंद गल्ल्या. पाणी मांडणीच्या वर असताना मासे वर चढून चरतात, तेव्हा क्रँक मांडणीवरून हळू आणायचा. ट्रे उघडे पडू लागले की मासे कडेला आणि गल्लीत उतरतात. मग प्लॅस्टिक कडेला टाकून दोर सैल ठेवायचा, त्याला आपोआप बुडू द्यायचं. बहुतेक वेळा चावा बुडतानाच येतो. तो हाताला जाणवत नाही, पाण्यावरचा दोर अचानक बाजूला सरकतो.

इथे कयाक कुठे उभी आहे यावर सगळं ठरतं. मासा लागला की तो मांडणीखाली घुसतो आणि हलकी कयाक त्याच्यामागे ओढली जाते. कालवाच्या धारेवर लीडर एकदा घासला की संपलं. त्यामुळे मांडणीच्या खालच्या अंगाला, प्रवाह आपल्याला तिच्यापासून दूर नेईल असं राहायचं आणि प्रवाहाच्या वर फेकायचं. लूर आपल्याकडे वाहत येते, म्हणून रील थोडं भरभर फिरवावं लागतं. चावा आला की ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट आणि पाय लगेच उलट्या पेडलवर. हात मोकळे राहतात, म्हणून इथे वल्ह्याच्या कयाकपेक्षा पेडलची मला कधीही बरी वाटते. पंख्याच्या पेडलला समुद्रगवत गुंडाळतं, फडफडणाऱ्या पात्यांच्या पेडलला कमी. मांडणीला दोरी बांधू नये, खांबाला हातही लावू नये. ती कुणाची तरी शेती आहे.

मासा जाळ्यात आला तरी गुण मिळालेले नसतात. बरेच मासे जाळं ते फोटो एवढ्या वाटेवरच हुकतात. मासा जाळ्यातच, पाण्यात लटकता ठेवायचा. मोजपट्टीची चटई मांडीवर घेऊन भिजवायची, कारण उन्हात तापलेली चटई माशाला भाजते आणि तो उडी मारतो. स्पर्धेचं ओळखकार्ड मनगटाला बांधलेलं, फोन दोरीने जॅकेटला अडकवलेला, कॅमेरा उघडा, काच कोरडी पुसलेली. हे सगळं झाल्यावरच मासा बाहेर काढायचा. नाक पट्टीच्या आडव्या भिंतीला टेकलेलं, तोंड मिटलेलं, शेपटी पूर्ण दिसणारी, कार्ड चौकटीत. ओल्या चटईवर सूर्य चमकून आकडे पुसले जातात, तेव्हा आपली सावली पाडून दोन-तीन फोटो घ्यावेत. एक नीट आलाय हे बघूनच मासा सोडावा. पाठीचे काटे बोटात घुसतात, ओल्या हाताने पुढून मागे दाबत धरलं की ते मिटतात.

लांबी सहसा खालच्या अर्ध्या सेंटिमीटरला धरतात, म्हणजे 31.4चा मासा 31च. तिन्ही मासे मिळाल्यावर लहानाच्या जागी मोठा बसवायची हाव सुटते आणि घड्याळाकडे दुर्लक्ष होतं. दुपारी खारे वारे सुटले की उथळ तलावात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि परतीला दुप्पट वेळ लागतो. उशिरा पोचणाऱ्याचे गुण कापतात, कुठे बादही करतात. शेवटचा तास धक्क्याच्या जवळच्या मांडण्यांवर घालवणारे लोक यादीत वर दिसतात ते यामुळेच.