"पंख मिटलेले छायाचित्र अमान्य"

आमच्या गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत फुलपाखरांचं पान मी भरलं. ते पान एका शेऱ्यापायी इतके महिने अडकून पडलं, की आजही लाल शाईतला तो शेरा आठवला तरी डोकं तापतं. शेरा असा होता : "छायाचित्रात दोन्ही पंख पूर्ण उघडे असावेत. पंख मिटलेले छायाचित्र अमान्य."

फुलपाखरं ओळखायला नव्याने लागलेल्या कोणालाही मी आधी हेच सांगते, की हा शेरा ज्या समजुतीतून आला ती साफ चुकीची आहे. गावाकडे रोज दिसणारी निम्मी फुलपाखरं बसली की पंख मिटूनच बसतात. त्यांची खरी खूण मिटलेल्या पंखांची जी बाजू आपल्याला दिसते, म्हणजे पंखाची खालची बाजू, तिच्यावरच असते.

आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगराच्या अलीकडे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असते आणि गावातली झाडं, पिकं, पशुपक्षी यांची नोंदवही तिने करायची असते. आमचे नाना, म्हणजे माझे चुलत सासरे, त्या समितीत आहेत. ते म्हणाले, "तू बीएस्सी शेस ना, मंग फुलपाखरं तू लिखी टाक." मला आवड होतीच. पहिला पाऊस पडून गेल्यावर मोबाइल घेऊन मी बांधावर हिंडायला लागले.

मोठ्या फुलपाखरांनी काही त्रास दिला नाही. कागदी लिंबावर येणारं काळंपिवळं लाइम बटरफ्लाय कोणीही ओळखेल. मागच्या पंखाला शेपटी नाही आणि आतल्या कोपऱ्यात तांबडा ठिपका, झालं. बांधावरची पॅन्सी मंडळी उन्हात पंख पसरून बसतात, डोळ्यांसारखे ठिपके दाखवतात, फोटोही निवांत काढू देतात. कढीपत्त्याच्या झाडाभोवती फिरणाऱ्या कॉमन मॉर्मनची मादी मात्र बऱ्याचदा कॉमन रोज ह्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. कॉमन रोज विषारी असतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून हे सोंग. तिथे पंखांपेक्षा अंग बघायचं. कॉमन रोजचं अंग लाल, मॉर्मनचं काळं.

रुईवरचं प्लेन टायगर तर खानदेशात जिकडेतिकडे आहे. नारिंगी पंख, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यावर पांढरी पट्टी. पण डॅनेड एगफ्लायची मादी त्याच वेषात हिंडते. मागच्या पंखावर नजर ठेवा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीला मध्यावर काहीच नाही, वरच्या कडेला एकच काळा ठिपका. गंमत म्हणजे तिचा नर अजिबात तसा नसतो. तो काळा, त्यावर पांढरे गोल डाग आणि डागांना जांभळी-निळी झाक.

इथवर सगळं सुरळीत झालं. पान भरून, फोटो चिकटवून तालुक्याला दिलं. नोंदवही तपासणाऱ्या कार्यालयाने मूळ नमुन्याला स्वतःची एक पुरवणी जोडली होती आणि तिच्यात छायाचित्राचा रकाना होता. पान परत आलं तेव्हा पंख उघडलेली फुलपाखरं मंजूर होती आणि पंख मिटलेली सगळी लाल शाईने खोडलेली होती. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू खोडलेलं, पिवळी ग्रास यलो खोडलेली, आणि ज्यांच्यासाठी मी गुडघे टेकून शेतात बसले होते ती चिमुकली निळी फुलपाखरं तर झाडून सगळी खोडलेली.

मी कार्यालयात गेले. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, पासपोर्टच्या फोटोत चेहरा दिसायला नको का?" मी म्हटलं, "साहेब, ह्यांचा चेहरा खालच्याच बाजूला असतो." त्यांनी कागद बाजूला सरकवला. पुढच्या खेपेला ते रजेवर. त्यापुढच्या खेपेला पान दुसऱ्या टेबलावर गेलेलं, आणि त्या टेबलावरून मला सल्ला मिळाला, की एखादं धरा, टाचणीने पंख पसरा आणि फोटो काढा. ते ऐकून माझा संताप झाला. गावातल्या जिवांची नोंद करायला निघालो आणि त्यासाठीच त्यांना टाचण्या टोचायच्या? बोटाने नुसतं धरलं तरी पंखावरचे खवले भुकटीसारखे हाताला लागतात. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले.

मग मी ठरवलं, की उघड्या पंखांचे फोटोही आणायचे आणि त्यांच्यावर काय दिसतं ते ह्यांच्यापुढे ठेवायचं. निळी फुलपाखरं सकाळी ऊन अंगावर घेताना थोडा वेळ पंख अर्धवट उघडतात. उडदाच्या शेतात मला ग्रॅम ब्लू तसं सापडलं, तुरीवर पी ब्लू. दोघांच्या अळ्या शेंगावर्गीय पिकांवर वाढतात, त्यामुळे ही दोन्ही आपल्याकडे भरपूर. वरून दोन्ही जांभळट निळी, मागे बारीक शेपटी, शेपटीजवळ काळे ठिपके. नवख्याला वरून फरक सापडणं कठीण.

आता तीच दोन पंख मिटल्यावर बघा. पी ब्लूच्या खालच्या बाजूला बदामी रंगावर पांढऱ्या नागमोडी रेघाच रेघा, आणि मागच्या पंखाच्या बाहेरच्या कडेजवळ एक रुंद पांढरा पट्टा. ग्रॅम ब्लूला असा पट्टा नाही. फिकट राखाडी पंख, त्यावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी, आणि शेपटीपाशी नारिंगी टोपी घातलेले दोन काळे ठिपके ठसठशीत. मी बराच वेळ एकाच ग्रॅम ब्लूपुढे बसून होते. ते मागचे पंख एकमेकांवर वरखाली घासत होतं, त्यामुळे शेपट्या मिशांसारख्या हलत होत्या आणि ते ठिपके डोळ्यांसारखे दिसत होते. पाली-पक्ष्यांना तिकडेच डोकं वाटतं आणि ते तिथेच झडप घालतात. म्हणून कित्येक निळ्यांचा नेमका तेवढाच तुकडा गेलेला असतो. असं फाटकं दिसलं तर त्याचाच हट्ट धरू नका, शेजारी दुसरं असतंच.

शेपटी नसलेली ग्रास ब्लू ह्याहून अवघड. त्यांचा मी वेगळा कागद केला. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मधोमध शिरांचा एक बंद कप्पा असतो. त्या कप्प्याच्या टोकाला सगळ्यांनाच एक आडवी रेघ असते, ती सोडून द्या. तिच्या आत, अंगाच्या बाजूला, आणखी एक ठिपका आहे का ते बघायचं. पेल आणि डार्क ग्रास ब्लूला तो असतो, लेसर ग्रास ब्लूला नसतो. टायनी ग्रास ब्लूला पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला जादा ठिपके असतात, आणि ते असतंही जेमतेम दोन सेंटिमीटर. यातली एकही खूण वरून दिसत नाही. अंगणात आंबुशी उगवली असेल तर पेल ग्रास ब्लू घरबसल्या बघायला मिळेल.

हे सगळे फोटो चाळीसगावात मोठे छापून घेतले, खुणांना पेनाने बाण केले आणि परत गेले. या वेळी नशीब बरं होतं, नव्याने आलेल्या एक तरुण अधिकारी मॅडम जागेवर होत्या. मी सगळ्यात आधी त्यांच्यापुढे हळदीकुंकवाचे दोन फोटो ठेवले. एक खालून, झगझगीत पिवळा आणि कडेला लाल ठिपके. दुसरा वरून, पांढऱ्यावर काळ्या शिरा, खालचे रंग नुसते झिरपल्यासारखे. त्यांनी वरचा फोटो हातात घेऊन विचारलं, "हे तेच आहे?" मग पी ब्लू आणि ग्रॅम ब्लू दाखवले. मॅडमनी पुरवणी मागवली, रकान्याचं "पंख उघडे" खोडलं आणि "ओळख पटवणारी बाजू" असं लिहून सही केली. माझी खोडलेली नावं सगळी परत आली. त्या सहीचा फोटोही माझ्याकडे आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

ग्रास यलोचं मघाशी राहिलं. तीही मिटूनच बसतात, आणि कॉमन ग्रास यलोच्या वरच्या बाजूची काळी किनार आतून खाच पडल्यासारखी असते, ती बघायची असते. फुलपाखरू आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे बसा. उजेड पंखातून आरपार आला की मिटलेल्या पंखातूनही किनार दिसते. स्मॉल ग्रास यलोला ती खाच नसते.

फोटोखाली महिना आणि झाडाचं नाव लिहायलाच हवं. कॉमन इव्हनिंग ब्राउनला पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके असतात, कोरड्या दिवसांत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि ते वाळक्या पानासारखं दिसतं. महिना नसेल तर तपासणाऱ्याला त्या दोन जाती वाटतील. झाडाचाही फार उपयोग होतो. बोरीवर पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेलं छोटं दिसलं तर कॉमन पिएरोची शक्यता आधी बघा.

पहिला फोटो पंख मिटलेलाच काढा, कारण फुलपाखरू कधी उडेल याचा नेम नाही. मोबाइल पंखाला समांतर धरा, तिरका धरला की ठिपके धूसर येतात. सावली अंगावर पडली की ते उडतं, म्हणून उन्हाकडे पाठ करून सरळ चालत जाऊ नका, बाजूने वाकून जा. आणि स्किपर गटातली फुलपाखरं ओळखू येत नसतील तर "स्किपर, जात निश्चित नाही" असं बिनधास्त लिहा. मी तसंच लिहिलं, आणि त्या ओळीवर कोणीही लाल शाई चालवली नाही.