एकविसावा अध्याय

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला जाणाऱ्या पदयात्रेत माझं नाव मावशीनेच घातलं. सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त (सण) ३ डिसेंबरला, त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, २४ नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून कितीतरी गट चालत निघतात. मी हो म्हटलं ते काही फार भक्तीने नव्हे. नवऱ्याचं घर सोडलं होतं, आणि मागे कोणी येतंय का हे न बघता एकदा लांब चालायचं होतं.

पण बांद्यापर्यंत मी मागेच बघत होते. मोटारसायकल जवळून गेली की अंग आखडायचं. गटाची शिस्त अशी की बायका-म्हातारी मधे, पुढे-मागे चमकणारे पट्टे घातलेली, हातात बॅटरी घेतलेली पोरं. ही सोय ट्रकवाल्यांसाठी, माझ्यासाठी नव्हे. तरी पत्रादेवीची सीमा ओलांडल्यावर ध्यानात आलं, बराच वेळ मान वळलेली नाही. मधे दोन रोजरी, जपमाळेच्या प्रार्थना, होऊन गेल्या होत्या.

पेडण्याच्या पुढे एका कपेलाच्या, छोट्या प्रार्थनाघराच्या, पायरीवर टेकलो, तेव्हा सोबतच्या सिस्टरने बायबल उघडून स्तोत्र ५५ पुढे केलं. दावीद म्हणतो, पारव्याचे पंख असते तर दूर रानात उडून गेलो असतो. पुढे म्हणतो, छळणारा शत्रू असता तर सोसलं असतं. पण हा तर माझा सोबती, याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात होतो. हे मी पुन्हा वाचलं. आमच्याकडेही रात्री हात उचलणारा माणूस रविवारी चर्चमध्ये मिस्साला पहिल्या बाकावर असायचा. हे पवित्र शास्त्रात लिहिलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मला ऐकवलं गेलं होतं ते वेगळंच. बायबलातल्या उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात मालकीण सारायच्या जाचाला कंटाळून दासी हागार पळते. देवदूत विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? मग सांगतो, मालकिणीकडे परत जा. ऐकवणारी माणसं वाईट नव्हती, माझ्यासाठी प्रार्थनाही करायची. म्हणून तर त्यांना उत्तर देता येत नव्हतं. ‘आपला क्रूस आपण वाहायचा’ हे त्यांचं दुसरं वाक्य.

सिस्टर म्हणाली, “अगं, एकविसावा वाच ना.” तिथे हागार मुलाला घेऊन पुन्हा रानात आहे, कातडी पिशवीतलं पाणी संपलंय. देव मुलाचा आवाज ऐकतो, तिला विहीर दाखवतो. या वेळी परत जा असं कोणी म्हणत नाही. आणि क्रूसाचं म्हणशील तर, ती पुढे म्हणाली, नासरेथचे लोक येशूला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून सरळ निघून गेला. त्याची वेळ यायची होती. ढकलू दिलं नाही त्याने.

चर्चचा नियमही तिनेच सांगितला. १९८३ च्या धर्मसंहितेतला कॅनन, म्हणजे कलम, ११५३: जोडीदारामुळे मनाला किंवा शरीराला, स्वतःच्या वा मुलांच्या, गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे. थांबण्यात धोका असेल तर बिशपांच्या आदेशाची वाटही पाहावी लागत नाही. लग्नाआधीच्या शिबिरात हे कोणी का सांगत नाही, हा माझा राग अजून आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला वकीलबाईंनी समजावला होता: संरक्षणाचा आदेश, राहण्याचा हक्क, खर्ची. पण कागदावर सही करतानाही आपण देवाच्या विरोधात जातोय ही टोचणी होतीच. ती कपेलाच्या पायरीवर गेली.

म्हापसा, पर्वरी हे नुसते पाय ओढत. मांडवी ओलांडून रायबंदरच्या जुन्या बांधावर आलो तेव्हा फटफटलं होतं. हा बांध सतराव्या शतकातला. एका बाजूला खाजण, भरतीच्या पाण्याची सखल जमीन, दुसऱ्या बाजूला नदी, आणि रस्ताभर माणसंच माणसं. कोकणी, मराठी, कानडी गाणी एकमेकांत मिसळत होती. एका अनोळखी म्हातारीने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मीही सोडवून घेतला नाही.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये सायबाचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे. चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर १५५२ साली तो गेला, घरापासून इतक्या लांब. खाली उभं राहून लोक आजार, नोकरी, मूल मागत होते. नवऱ्याला सुबुद्धी दे, असं मागायला मावशीने सुचवलं होतं. ते मी तिच्यावर सोपवलं. मी मागितलं ते एवढंच, की पुढच्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर नसावेत.