आकड्याशेजारी आर्द्रता

त्या पहाटे दाट धुकं होतं. गॅलरीतल्या सेन्सरने पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा ३१० दाखवला आणि पाच मिनिटांत मी तो लाल अक्षरांत ग्रुपवर टाकला, 'आज मुलांना बाहेर सोडू नका' असं लिहून. दुपारपर्यंत तो मेसेज कुठल्या कुठे पोचला होता. ऊन पडल्यावर आकडा ८५ वर उतरला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पहाटे आर्द्रता किती होती?" बघितलं. ९७ टक्के.

आमची ही छोटी यंत्रं धुळीचं वजन करत नाहीत. पंखा हवा आत ओढतो, लेझरचा उजेड कणांवर आपटून विखुरतो आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. हवा फार दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे बारीक थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. हे मला माहीत होतं. तरी लिहिलं नाही. हवा वाईट आहे हे एकदाचं सगळ्यांना पटावं, एवढंच डोक्यात होतं.

दुरुस्ती त्याच संध्याकाळी टाकली, ती कुणी पुढे पाठवली नाही. महिन्याभराने कोरड्या हवेत खरोखरच धूर साचला, तेव्हा उत्तर आलं, "मागच्यासारखंच असेल." ते अजून मनाला लागून आहे.

फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये जपानात सेफकास्ट या नागरिकांच्या गटाचे स्वयंसेवक गाड्यांना गायगर काउंटर लावून रस्तोरस्ती किरणोत्सार मोजत फिरले. दर ५ सेकंदांना एक नोंद, जागेसकट. नोंदी सगळ्यांना खुल्या, आणि यंत्र कसं बांधलं तेही खुलं. मला या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं, कारण शंका असणाऱ्याला स्वतः मोजून बघता येत होतं.

आता माझ्या आलेखात आर्द्रतेची रेघ असतेच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी आहे, म्हणून क्षणाचा आकडा तिच्याशेजारी मांडत नाही. असे मेसेज कमी फिरतात, हे खरं आहे.

परवा ग्रुपमधल्या एका ताईंनी स्वतःच्या यंत्राचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं: "१८२. आर्द्रता ९४. उन्हं वर आली की परत बघून सांगते."