डेलिगेट निवडताना: व्हर्जिनियातला माझा अनुभव

२०२४ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. हॉलच्या बाहेर दोन वयस्कर बायका टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांनी मतदार नोंदणीचा अर्ज पुढे केला आणि मी तो उभ्या उभ्या भरला. इस्लामपूरला मी आयुष्यात दोनदाच मत दिलं होतं. आता तिथलं मत कायमचं संपलं होतं, कारण परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. घरी येईपर्यंत गाडीत गप्पच होते.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी मत दिलं, ते जरा धाकधुकीतच. ऑगस्टमध्ये आमच्या तेव्हाच्या राज्यपालांनी आदेश काढला होता की डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या नोंदीत जे नागरिक दिसत नाहीत त्यांची नावं मतदार यादीतून रोजच्या रोज काढावीत. १,६०० हून जास्त नावं निघाली. खालच्या कोर्टानं ती परत घालायला सांगितली, सर्वोच्च न्यायालयानं ३० ऑक्टोबरला तो निर्णय थांबवला. काढलेल्यांत काही खरेखुरे नागरिकही निघाले, कुणी अर्जातला एक चौकोन चुकून रिकामा सोडला होता एवढंच. माझं लायसन्स ग्रीन कार्डाच्या काळातलं. त्यामुळे नाव आहे की नाही हे मी निवडणूक विभागाच्या साइटवर आठवड्यातून तीनदा बघत होते. नाव राहिलं.

मग २०२५ मध्ये पाळी होती राज्याची. व्हर्जिनियात राज्याच्या निवडणुका विषम वर्षात होतात. राज्यपाल, उपराज्यपाल, ॲटर्नी जनरल, आणि त्यांच्यासोबत हाउस ऑफ डेलिगेट्सच्या सगळ्या १०० जागा. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर चर्चा होती ती फक्त वरच्या तीन पदांची. डेलिगेट म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आमदार. आपला आमदार कोण, हे पंधरा जणांना विचारलं तर दोघांना सांगता आलं. मलाही आलं नसतं.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तीस वर्षांत किती निवडणुकांची ड्यूटी केली असेल याचा तिच्याकडे हिशोब नाही. मतपेट्यांपासून मशिनपर्यंत सगळं तिनं एसटीतून आणि जीपमधून वाहिलंय, शाळेच्याच वर्गात रात्री सतरंजीवर झोपलीय. ती म्हणाली, "अगं, आमदार माहीत नाही म्हणजे काय? शाळेचे पैसे कोण देतं मग?" मी तिथून सुरुवात केली.

मतदारसंघ शोधायला दोन मिनिटं लागली. विधिमंडळाच्या साइटवर पत्ता टाकला की नाव येतं. एका डेलिगेटमागे साधारण ८६ हजार लोक. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार हाच आकडा चार लाखांच्या आसपास जातो. इथल्या डेलिगेटचा पगार वर्षाला १७,६४० डॉलर, म्हणजे बहुतेक जण दुसरी नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून हे काम करतात. एवढ्या छोट्या मतदारसंघात उमेदवाराला प्रत्यक्ष गाठता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

उमेदवारांच्या भूमिका शोधणं मात्र अवघड गेलं. पोस्टाच्या पेटीत रोज दोन-तीन चकचकीत पत्रकं यायची. एकावर समोरच्याचा काळपट केलेला फोटो, दुसऱ्यावर शाळेच्या बसपुढे हसणारी मुलं. मी ती आठवडाभर साठवली आणि आईसमोर मांडली. तिनं चष्मा लावून सगळी उलटसुलट पाहिली. "यात करणार काय ते कुठे लिहिलंय?" खरंच कुठे नव्हतं. 'उत्तम शिक्षणासाठी' असं दोघांनीही लिहिलं होतं.

लीग ऑफ विमेन व्होटर्स ही जुनी संस्था सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न पाठवते आणि उत्तरं साइटवर शेजारीशेजारी लावते. ते खूप उपयोगी पडलं. आमच्याकडे एका उमेदवाराची उत्तरं होती, दुसऱ्याच्या रकान्यात 'उत्तर मिळालं नाही' एवढंच. मग मी राज्याच्या विधेयकांची साइट उघडली. तिथे प्रत्येक ठरावावर कोणी हो म्हटलं, कोणी नाही, हे नावानिशी दिसतं. पहिल्या दिवशी मला काहीच कळेना. एकच विधेयक समितीतून उपसमितीत, तिथून परत, मग दुसऱ्या सभागृहात. तीन संध्याकाळी गेल्या. पण ज्यांनी आधी काम केलंय त्यांची भूमिका समजून घ्यायची तर हाच खरा कागद आहे असं माझं मत झालं, आणि ते अजून तसंच आहे.

त्याच शोधात मला या निवडणुकीचं खरं वजन कळलं. व्हर्जिनियाच्या संविधानात दुरुस्ती करायची तर विधिमंडळानं ती दोनदा मंजूर करावी लागते, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये हाउस ऑफ डेलिगेट्सची निवडणूक व्हावी लागते. त्यानंतर ती लोकांपुढे मतदानाला जाते. २०२५ च्या अधिवेशनात तीन दुरुस्त्या पहिल्यांदा मंजूर झाल्या होत्या. एक गर्भपातासह प्रजननाच्या हक्कांची. दुसरी लग्नाची: २००६ साली समलिंगी विवाहाला बंदी घालणारं कलम संविधानात घातलं गेलं, २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते निष्प्रभ झालं, पण शब्द अजून तिथेच आहेत. तिसरी दुरुस्ती शिक्षा भोगून आलेल्यांच्या मताची. या तिन्ही दुरुस्त्यांचं पुढे काय होणार ते आम्ही निवडलेले डेलिगेट ठरवणार होते. हे किती नाजूक असतं त्याचं उदाहरण जुनं नाही. मताच्या हक्काची आणि लग्नाची दुरुस्ती २०२१ मध्येही पहिल्यांदा मंजूर झाली होती. मध्ये निवडणूक झाली, सभागृह बदललं, आणि २०२२ मध्ये दोन्ही एका उपसमितीतच संपल्या.

तिसऱ्या दुरुस्तीशी माझी ओळख कागदावरून झालेली नाही. आमच्या ऑफिसच्या इमारतीत देखभालीचं काम करणारे एक गृहस्थ आहेत, साठीच्या घरातले. मी नागरिक झाले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर छोटा झेंडा ठेवला होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मी सहज विचारलं, "मत द्यायला कधी जाणार?" ते म्हणाले, "मला नाही देता येत." तरुणपणी एक गुन्हा, काही वर्षं तुरुंग, बाहेर येऊन वीस वर्षं झाली. व्हर्जिनियात फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली की मताचा हक्क आयुष्यभरासाठी जातो. परत मिळवायचा तर राज्यपालांकडे अर्ज करायचा. २०२२ च्या आधीच्या राज्यपालांच्या काळात तुरुंगातून सुटलं की हक्क सरसकट परत दिला जात होता. २०२३ पासून प्रत्येक अर्ज वेगळा तपासला जाऊ लागला आणि निकष काय, ते जाहीर केले गेले नाहीत.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला. "शिक्षा भोगली ना त्यानं? मग?" आपल्याकडे तुरुंगात असेपर्यंत मत नाही, सुटून आला की नाव यादीत असलं तर देतो, हे तिला केंद्राध्यक्ष म्हणून पाठ होतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम आहे ते. इथे त्याच्याही मागे मोठा इतिहास आहे. १९०२ च्या व्हर्जिनियाच्या संविधानानं काळ्या लोकांना मतापासून दूर ठेवण्यासाठी दीड डॉलरचा मतपट्टी कर लावला होता, तोही मागच्या तीन वर्षांचा भरलेला हवा. तो कर राज्याच्या निवडणुकांतून १९६६ साली गेला, तो ॲनी हार्पर नावाच्या बाईंच्या खटल्यामुळे. त्या आमच्या जवळच्याच, फेअरफॅक्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) गम स्प्रिंग्जच्या. शाळेत शिकवलेल्या स्वातंत्र्याच्या इतिहासाइतकाच हा मला आता जवळचा वाटतो.

मग मी दोन्ही उमेदवारांना ईमेल केली. तीनच प्रश्न. मताच्या हक्काच्या दुरुस्तीला दुसऱ्यांदा हो म्हणणार का? शाळांच्या सहायक कर्मचाऱ्यांसाठी राज्यानं द्यायच्या पैशांवरच्या मर्यादेबद्दल काय? उरलेल्या दोन दुरुस्त्यांवर काय?

मधला प्रश्न आईचा. विधिमंडळाच्याच पाहणी आयोगानं २०२३ साली अहवाल दिला होता की व्हर्जिनियातल्या शाळांना विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा ५० राज्यांच्या सरासरीपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आहे, वर्षाला सुमारे १,९०० डॉलर. त्याचं एक कारण म्हणजे मंदीच्या काळात, २००९ च्या सुमारास घातलेली मर्यादा: कार्यालयीन कर्मचारी, सफाई आणि देखभालीचे कामगार अशा किती जागांचे पैसे राज्य देईल, यावर. मंदी संपली, मर्यादा पुढे अनेक वर्षं राहिली. बाकीचा भार काउंटीच्या घरपट्टीवर येतो, म्हणजे श्रीमंत काउंटी निभावून नेते आणि गरीब काउंटीची मुलं मागे पडतात. मुलाच्या शाळेच्या बैठकीत पालक तासभर भांडले ते लायब्ररीतल्या पुस्तकांवरून. या मर्यादेचं नावही कुणी काढलं नाही. मलाही तोवर माहीत नव्हती.

एका उमेदवाराचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, स्वतः लिहिलेलं, स्पष्ट, एका मुद्द्यावर माझ्या मताच्या विरुद्ध. दुसऱ्याकडून देणगीची विनंती आली. रागच आला. पण दहा दिवसांनी लायब्ररीत उमेदवारांची सभा होती, तिथे आम्ही दोघी गेलो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. माझी चिठ्ठी वाचली गेली नाही. संपल्यावर मी पार्किंगमध्ये त्या दुसऱ्या उमेदवाराला गाठलं. आई बाजूला शाल घट्ट धरून उभी. त्यांनी पाच मिनिटं दिली, कर्मचाऱ्यांच्या मर्यादेबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती सांगितली, आणि मताच्या हक्कावर म्हणाले की हिंसक गुन्ह्यांबद्दल मनात शंका आहे, बळी पडलेल्यांचं काय. ते पत्रकावर कुठेच नव्हतं. मला ते पटलं नाही, पण माणूस विचार करून बोलतोय एवढं दिसलं. पत्रकावरून मी त्यांच्याबद्दल जे ठरवलं होतं ते बदलावं लागलं.

मत मी ऑक्टोबरच्या मध्यात दिलं. इथे ४५ दिवस आधीपासून मतदान सुरू असतं. लायसन्स दाखवलं, नाव-पत्ता मोठ्यानं सांगितला, कागदाची मतपत्रिका मिळाली, गोल काळ्या पेनानं भरायचे आणि कागद यंत्रात सरकवायचा. आई बाहेर बाकावर बसून सगळं न्याहाळत होती. बाहेर आल्यावर तिनं माझा डावा हात धरून बोटं पाहिली. "शाई नाही लावत?" स्टिकर दिलं ते तिनं तिच्या पर्सला चिकटवलं. कुणाला दिलं ते तिनं विचारलं नाही, तिच्या नोकरीची शिस्त.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, मतदारसंघांच्या सीमा मध्येच बदलता याव्यात यासाठी चौथी दुरुस्ती पुढे आली. माझ्यासारख्या लाखोंची मतं तोवर पडून गेली होती. त्यावर माझ्या उमेदवाराला काय वाटतं ते मी विचारलंच नव्हतं, कारण तेव्हा प्रश्नच नव्हता. पुढच्या वेळी लवकर मत द्यायचं की शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं, हे माझं अजून ठरत नाहीये.

४ नोव्हेंबरला निकाल लागला. नवं सभागृह बसायचं ते २०२६ च्या जानेवारीत. ठरावांच्या साइटचा पत्ता मी आता फोनच्या पहिल्याच पानावर ठेवलाय.

आणि त्या गृहस्थांचा अर्ज. जेवणाच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर आम्ही तो दोघांनी मिळून भरला. कोणत्या कोर्टात, कोणत्या वर्षी, शिक्षा कधी संपली. एका तारखेसाठी त्यांनी बहिणीला फोन लावला. पाठवायच्या बटणावर मी बोट ठेवणार तेवढ्यात त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. अजून उत्तर आलेलं नाही.